एकच पीएच, दोन निष्कर्ष : सागरी आम्लीकरणाचे प्रयोग पुन्हा जुळत का नाहीत

आपल्या पत्रातला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण खाडीच्या पाण्यात कालवांच्या अळ्या वाढवल्या. सहा बरण्यांत नेहमीचे पाणी ठेवले आणि सहा बरण्यांत कार्बन डायऑक्साइड सोडून पीएच ७.७ पर्यंत उतरवलेले पाणी. (पीएच हा पाण्याच्या आम्लतेचा आकडा, तो जितका कमी तितके पाणी जास्त आम्ल; हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळून समुद्राचा पीएच उतरतो, त्यालाच सागरी आम्लीकरण म्हणतात.) ४८ तासांनी नीट कवच धरलेल्या अळ्यांचे प्रमाण दोन्ही गटांत सारखेच आढळले. ज्या परदेशी शोधनिबंधावरून आपण हा प्रयोग बेतला, त्यात मात्र याच पीएचला अळ्यांची कवचे वेडीवाकडी झाल्याचे म्हटले आहे. प्रयोगात काहीतरी चुकले असणार असे आपल्या मार्गदर्शकांना वाटते, तर मूळ निष्कर्षच कच्चा असावा अशी आपल्याला शंका आहे. शिवाय प्रवाळमाशांच्या वर्तनाबद्दलचे गाजलेले निष्कर्ष २०२० साली पुन्हा मिळाले नाहीत हे वाचल्यापासून हा सगळा विषयच भुसभुशीत पायावर उभा आहे की काय, असे आपल्याला वाटू लागले आहे.

मी गेली अनेक वर्षे अशाच बरण्या, नळ्या आणि इलेक्ट्रोड यांच्यात वावरत आलो आहे, म्हणून क्रम थोडा बदलून उत्तर देतो. कोण चुकले हे ठरवण्याआधी आपण खरोखर तोच प्रयोग केला होता का, हे ठरवावे लागेल. ‘पीएच ७.७’ ही प्राण्याला दिलेली परिस्थिती नव्हे, त्या परिस्थितीचा एक आकडा आहे. तोच आकडा दाखवणारी दोन पाणी अळीच्या दृष्टीने अगदी वेगळी असू शकतात. या क्षेत्रात जे निष्कर्ष पुन्हा जुळले नाहीत, त्यांतील बऱ्याच वेळा दोन गटांनी दोन वेगळे प्रयोग एकाच नावाने केले होते, असे माझे मत आहे.

सर्वांत साधी गोष्ट आधी पाहू, कारण तिच्यावरच लोक सर्वांत जास्त घसरतात. समुद्राच्या पाण्याचा पीएच एकाच मापपट्टीवर मोजला जात नाही. बाजारात मिळणाऱ्या ४, ७ आणि १० च्या बफरांनी, म्हणजे ठरावीक पीएचच्या द्रावणांनी, मीटर जुळवला तर वाचन एनबीएस (अमेरिकेच्या जुन्या प्रमाण संस्थेच्या नावाच्या) मापपट्टीवर येते. ते बफर गोड्या पाण्यासारखे पातळ असतात आणि इलेक्ट्रोड त्यातून एकदम खाऱ्या पाण्यात गेला की त्याच्या सांध्यावरचा विद्युतदाब बदलतो. सागरी रसायनशास्त्रात ‘टोटल’ मापपट्टी वापरतात. तिच्यासाठी कृत्रिम समुद्रपाण्यात बनवलेला ट्रिस बफर लागतो, आणि ३५ क्षारतेच्या (किलोला सुमारे ३५ ग्रॅम क्षार असलेल्या) अशा बफरचा पीएच २५ अंश सेल्सिअसला सुमारे ८.०९ असतो. एकाच पाण्याचे एनबीएस वाचन टोटल वाचनापेक्षा साधारण ०.१ ते ०.१५ ने जास्त येते. ही मापपट्टी लघुगणकी आहे, त्यामुळे ०.१ चा फरक म्हणजे हायड्रोजन आयनांत सुमारे २६ टक्क्यांचा फरक. औद्योगिक काळाच्या सुरुवातीपासून आजपर्यंत महासागराच्या पृष्ठभागाचा पीएच साधारण ०.१ ने उतरला आहे. म्हणजे बफर चुकीचा निवडला तर पृथ्वीला दोन शतके लागलेला बदल आपल्या बरणीत नकळत शिरतो. मूळ शोधनिबंधातले ७.७ एनबीएस असेल आणि आपले टोटल असेल, तर आपल्या अळ्यांना त्यांच्या अळ्यांपेक्षा बरेच सौम्य पाणी मिळाले. तेव्हा निष्कर्ष जुळला नाही यात नवल नाही. मापपट्टी कोणती, हे त्या लेखात लिहिलेलेच नसेल, तर तो प्रयोग काटेकोरपणे पुन्हा करणे कोणालाच शक्य नाही.

दुसरी गोष्ट आपल्या किनाऱ्यासाठी जास्त महत्त्वाची आहे. कवच घडवणाऱ्या कोवळ्या अळीला पीएचपेक्षा पाण्यातील अरॅगोनाइटची संपृक्तता जास्त भिडते, म्हणजे चुन्याचा हा प्रकार त्या पाण्यातून किती सहज घट्ट होऊ शकतो ते. जॉर्ज वॉल्डबसर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली पॅसिफिक कालव आणि भूमध्य समुद्रातील शिंपला यांच्या अळ्यांवर एक कल्पक प्रयोग प्रसिद्ध केला. नैसर्गिक पाण्यात पीएच, कार्बन डायऑक्साइडचा दाब आणि संपृक्तता एकत्रच बदलतात. त्यांनी पाण्याचे रसायन अशा रीतीने बदलले की या तिन्ही गोष्टी एकमेकींपासून सुट्या व्हाव्यात. पहिल्या दोन दिवसांत कवच नीट बनते की नाही, हे मुख्यतः संपृक्ततेवर ठरते असे त्यातून दिसले. पीएच आणि दाब यांचा परिणाम त्या मानाने मागे पडला.

आता हे आपल्या खाडीला लावून पाहा. भर समुद्रातील पाण्याची क्षारता ३५ च्या आसपास आणि एकूण अल्कलिनिटी (आम्ल पचवण्याची पाण्याची क्षमता) किलोला सुमारे २३०० मायक्रोमोल असते. असे पाणी उन्हाळ्यातल्या तापमानाला टोटल मापपट्टीवर ७.७ वर आणले, तर त्याची अरॅगोनाइट संपृक्तता माझ्या हिशेबाने दोनच्या जरा खाली येते. पावसाळ्यानंतर खाडीची क्षारता २० वर आणि अल्कलिनिटी १५०० वर उतरलेली असेल, तर त्याच ७.७ ला संपृक्तता एकच्याही खाली जाते, म्हणजे तेथे अरॅगोनाइट विरघळू लागते. मीटरवरचा आकडा दोन्हीकडे तोच असतो. आपण पाणी कोणत्या महिन्यात, भरतीला की ओहोटीला भरले, हे आपल्या पत्रात नाही आणि अल्कलिनिटी मोजल्याचाही उल्लेख नाही. मला सर्वांत आधी तीच दोन माहिती हवी आहेत. कार्बोनेट रसायनाचे किमान दोन घटक मोजल्याशिवाय (पीएच आणि अल्कलिनिटी, किंवा अल्कलिनिटी आणि विरघळलेला एकूण अकार्बनी कार्बन) उरलेले घटक काढता येत नाहीत. ते दोन हातात आले की आर भाषेतील सीकार्ब किंवा सीओटूसिस या आज्ञावलीने बाकीचे क्षणात निघतात. मात्र कोणते समतोल स्थिरांक निवडले, हेही लिहून ठेवावे.

मोजमाप किती डगमगते, याचा अंदाज नसल्यामुळे आपण शोधनिबंधातील दुसऱ्या दशांश स्थळावर फार विश्वास ठेवतो. अमेरिकेतील स्क्रिप्स संस्थेत अँड्र्यू डिक्सन यांची प्रयोगशाळा समुद्रपाण्याचे प्रमाणित नमुने बनवून जगभर पुरवते. त्या प्रयोगशाळेने एकाच पाण्याचे नमुने जगातील ६० हून अधिक प्रयोगशाळांना पाठवले आणि त्याचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध केले. अल्कलिनिटी आणि एकूण कार्बन यांत बहुतेक प्रयोगशाळा खऱ्या आकड्याच्या १० मायक्रोमोलच्या आत होत्या, ही चांगली गोष्ट. २ मायक्रोमोलच्या आत फार थोड्या पोहोचल्या. पीएचची उत्तरे मात्र इतकी विखुरलेली होती की त्यांतून एक सर्वमान्य आकडा निघेना. जास्त कार्बन डायऑक्साइड असलेल्या नमुन्यातून तर मोजतानाच वायू निसटल्याची चिन्हे होती. आपला आम्लीकृत गट म्हणजे नेमका असाच नमुना.

म्हणून नमुना घेण्याची रीत मी विद्यार्थ्यांना शब्दांत समजावण्याऐवजी हाताने करून दाखवतो. बोरोसिलिकेट काचेच्या बाटलीच्या तळाशी नळी टेकवायची, पाणी हळू सोडायचे, फेस किंवा बुडबुडा होऊ द्यायचा नाही, आणि बाटली भरून वाहू लागल्यावरही थोडे पाणी तसेच जाऊ द्यायचे. मग तापमानाने पाणी फुगले तरी बूच उडू नये एवढीच, साधारण एक टक्का, जागा वर मोकळी ठेवायची. जीवाणूंचे श्वसन थांबावे म्हणून मर्क्युरिक क्लोराइडच्या संपृक्त द्रावणाचा अगदी अल्प अंश घालायचा. हे जहाल विष आहे, हातमोज्यांशिवाय त्याला हात लावू नये, आणि उरलेले पाणी मोरीत ओतू नये. शेवटी ग्रीस लावलेले काचेचे बूच फिरवत बसवायचे, म्हणजे सांध्यात हवेची रेघ दिसत नाही. बरणीतून चंचुपात्रात, तेथून ढवळकावर आणि मग इलेक्ट्रोडखाली, असा प्रवास जे पाणी करते, ते मोजले जाईपर्यंत आपण दिलेल्या परिस्थितीतले राहिलेले नसते.

आता नियंत्रण गटाकडे, म्हणजे नेहमीच्या पाण्याच्या बरण्यांकडे, वळतो, कारण फरक दोन्ही बाजूंनी मिटू शकतो. एकदा आमच्या नियंत्रण बरण्यांचा पीएच रोज सकाळी ८.०५ च्या आसपास असे आणि दुपारी तीनपर्यंत स्पष्टपणे खाली येई. आम्ही आधी अळ्यांच्या श्वसनाला दोष दिला, मग खाद्य म्हणून घातलेल्या सूक्ष्म शैवालाला. दोन आठवडे असेच गेले. एका रविवारी एकटाच जाऊन नोंदी घेतल्या, तर दुपारचा उतार गायब. त्या दिवशी खोलीत माणसे नव्हती. वातानुकूलित, खिडक्या बंद असलेल्या त्या खोलीत सात-आठ जण दिवसभर काम करत, आणि मत्स्यालयाचा साधा पंप तीच हवा ओढून नियंत्रण बरण्यांत सोडत असे. बाहेरच्या हवेत आज दशलक्षात ४२० भागांहून थोडा जास्त कार्बन डायऑक्साइड आहे, पण माणसांनी भरलेल्या बंद खोलीत तो सहज दुप्पट होतो. म्हणजे आमचा ‘आजचा समुद्र’ रोज दुपारी काही तास भविष्यातल्या समुद्रात जाऊन येत होता. पंपाच्या तोंडाला लांब नळी जोडून ती खिडकीबाहेर काढली आणि उतार थांबला. त्याआधीच्या दोन आठवड्यांच्या नोंदी आम्ही विश्लेषणातून वगळल्या आणि का वगळल्या ते प्रबंधात लिहिले. आपण दिवसातून एकदाच, सकाळी, पीएच नोंदवला असेल, तर असा उतार आपल्याला दिसणारच नाही. रात्री बाराला आणि पहाटे पाचला एकदा तरी मोजून पाहावे, विशेषतः बरण्या लहान आणि अळ्या दाट असतील तर.

पत्रातील ज्या वाक्याजवळ मी सर्वांत जास्त थांबलो ते असे : “आम्लीकृत पाण्याच्या सहाही बरण्यांना एकाच मोठ्या टाकीतून पाणी जात होते.” तसेच नियंत्रण गटाच्या सहा बरण्यांना दुसऱ्या टाकीतून. याचा अर्थ असा की आपल्याकडे प्रत्येक परिस्थितीच्या सहा प्रती नाहीत, एकेकच आहे. त्या एका टाकीत जे काही घडले असेल, उदाहरणार्थ वाढलेले जीवाणू, गंजलेला स्क्रू, अर्ध्या अंशाने वेगळे तापमान किंवा अर्धवट धुतलेली नळी, ते सहाही बरण्यांत सारखेच उतरले. पीएचचा परिणाम आणि टाकीचा परिणाम सुटे करण्याचा मार्गच उरला नाही. स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ साली पर्यावरणशास्त्रातील या दोषाला आभासी प्रतिकृतीचे नाव दिले, आणि तरीही आमच्या क्षेत्राने तो दोष मोठ्या प्रमाणावर केला. ख्रिस्तोफर कॉर्नवॉल आणि कॅट्रिओना हर्ड यांनी १९९३ ते २०१४ या काळातील ४६५ अभ्यास तपासले. त्यांतील प्रयोगशाळेतल्या सुमारे ९५ टक्के अभ्यासांत एकतर प्रती एकमेकींवर अवलंबून होत्या, किंवा त्या यादृच्छिकपणे मिसळून मांडलेल्या नव्हत्या, किंवा हे ठरवण्यापुरता तपशील लेखात दिलेला नव्हता. हा आकडा पहिल्यांदा वाचला त्या दिवशी मी माझे जुने लेख काढून मांडणीचे चित्र पुन्हा तपासले होते. आपण ज्या शोधनिबंधाशी तुलना करत आहात, त्याच्या मांडणीचे चित्रही तसेच तपासावे. तेथेही एकच टाकी असेल, तर त्यांचा ‘परिणाम’ आणि आपला ‘परिणाम नाही’, दोन्ही एकेका टाकीची गोष्ट सांगत असतील.

दहा टाक्या घेण्याइतका निधी आपल्याकडे नसणार, हे मला माहीत आहे. तरी मार्ग आहे. आहेत त्याच दोन टाक्या वापरून संपूर्ण प्रयोग पाच-सहा वेळा करावा. दर वेळी नव्या पालक कालवांपासून अळ्या घ्याव्यात आणि कोणती टाकी आम्लीकृत करायची, हे दर वेळी नाणे उडवून ठरवावे. मग प्रत्येक फेरी ही एक जोडी होते, आणि विश्लेषण बरण्यांवर न करता त्या पाच-सहा जोड्यांवर करायचे. आकडा लहान दिसेल, पण तो खरा असेल. पालकांचा मुद्दाही त्यातच सुटतो, कारण एकाच मादीच्या अंड्यांवर केलेला प्रयोग त्या एका मादीबद्दलच सांगतो. अंड्यांच्या प्रतीतील फरक कित्येकदा पीएचच्या परिणामापेक्षा मोठा असतो.

इथून गोष्ट प्राण्याकडे जाते. एमिलियानिया हक्सलेयी या चुन्याच्या चकत्या बनवणाऱ्या सूक्ष्म शैवालावर २००० साली उल्फ रीबेसेल यांच्या गटाने दाखवले की कार्बन डायऑक्साइड वाढला की त्याची चुना बनवण्याची क्रिया मंदावते. २००८ साली देबोरा इग्लेसियास-रॉड्रिग्ज यांच्या गटाने त्याच जातीवर नेमके उलटे प्रसिद्ध केले. पहिल्यांनी आम्ल आणि अल्कली घालून पाण्याचे रसायन बदलले होते, दुसऱ्यांनी वायूचे बुडबुडे सोडून, त्यामुळे सारा दोष पद्धतीवर टाकण्याचा मोह साहजिक होता. पुढे दोन्ही पद्धती शेजारी शेजारी ठेवून तपासल्या तेव्हा पद्धतीमुळे फारसा फरक पडत नाही असे दिसले. आणि गेराल्ड लँगर यांच्या गटाने २००९ साली चार वाण एकाच प्रयोगशाळेत वाढवले, तर चौघांचे प्रतिसाद वेगवेगळे निघाले. जातीचे नाव एक असले तरी प्रयोगातला जीव एक नव्हता. दोन चांगले गट भांडत असताना तिसऱ्याने दोघांच्याही अटी एकाच छपराखाली आणल्या, हा या वादाचा भाग मला फार मोलाचा वाटतो.

आपल्या कालवांच्या बाबतीत हा मुद्दा अगदी जवळचा आहे. नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या दिवसांत भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर खोल थरांतले, कमी ऑक्सिजनचे पाणी वर येते. गोव्याजवळ कांदोळीसमोरच्या समुद्रात राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था ते वर्षानुवर्षे नोंदवत आली आहे. जीवाणूंच्या श्वसनाने ज्या पाण्यातला ऑक्सिजन संपतो, त्याच पाण्यात कार्बन डायऑक्साइड साचतो आणि पीएच उतरतो. खाडीच्या पाण्यात तर दिवस-रात्र आणि भरती-ओहोटी यांमुळेही तो वरखाली होतो. ज्या कालवांच्या कित्येक पिढ्या अशा पाण्यात गेल्या, त्यांच्या अळ्यांना ७.७ नवे नसण्याची शक्यता आहे. हे खरे असेल तर आपला निष्कर्ष चुकीचाही नाही आणि मूळ निष्कर्षाला खोटा ठरवणाराही नाही. मात्र ही शक्यता आपल्या आताच्या आकड्यांवरून सिद्ध होत नाही. त्यासाठी ज्या पाण्यातून पालक आणले, तेथला वर्षभराचा पीएच आणि अल्कलिनिटी हाताशी हवी. ‘स्थानिक अनुकूलन’ हे शब्द प्रबंधाच्या चर्चेत लिहिण्याआधी ती नोंद करावी, एवढी माझी विनंती आहे.

आता प्रवाळमाशांबद्दल, कारण आपल्या मनातील खरी अस्वस्थता तेथे आहे. २००९ पासून ऑस्ट्रेलियातून एकामागून एक निबंध आले. शतकाच्या अखेरीस अपेक्षित असलेल्या कार्बन डायऑक्साइडच्या पाण्यात वाढवलेली विदूषक माशाची पिल्ले वासाने घर ओळखू शकत नाहीत, आणि शिकारी माशाच्या वासापासून पळण्याऐवजी त्याच्याकडे ओढली जातात, असे त्यांत म्हटले होते. चाचणीचे पात्र साधे असते. दोन प्रकारचे पाणी शेजारी शेजारी, न मिसळता वाहते, मासा मध्ये सोडतात आणि दर काही सेकंदांनी तो कोणत्या बाजूला आहे ते टिपतात. निष्कर्ष थक्क करणारे होते. नियंत्रण गटातले मासे शिकाऱ्याच्या वासाकडे जवळजवळ फिरकतच नव्हते, तर आम्लीकृत गटातले बहुतांश वेळ तेथेच थांबत, आणि गटातल्या गटात माशामाशांमधला फरक फारच थोडा होता.

टिमोथी क्लार्क, फ्रेड्रिक जुटफेल्ट आणि सहकाऱ्यांनी तीन वर्षे खपून सहा जातींचे ९०० हून अधिक मासे तपासले, हालचालींचे चित्रीकरण केले आणि मूळ आकडे खुले ठेवले. जानेवारी २०२० मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या त्यांच्या निबंधाचा निष्कर्ष असा की शिकाऱ्याचा वास टाळणे, हालचालीचे प्रमाण आणि डावीकडे-उजवीकडे वळण्याची पसंती या तिन्हींवर आम्लीकरणाचा परिणाम नगण्य आहे. त्यांनी आपल्या आकड्यांवरून संगणकावर हजारो काल्पनिक प्रयोग करून पाहिले, आणि इतका मोठा परिणाम इतक्या थोड्या विखुरणीसह मिळणे जवळजवळ अशक्य आहे असे दाखवले. मूळ गटाने त्याच वर्षी उत्तर देऊन जाती, माशांचे वय, वासाचे पाणी बनवण्याची रीत असे पद्धतीतील अनेक फरक पुढे केले. हे फरक खरे आहेत आणि त्यांचा विचार व्हायलाच हवा. पण माझे मत सांगायचे तर एवढा प्रचंड म्हणून मांडलेला परिणाम अशा फरकांनी पूर्ण नाहीसा होत असेल, तर जगातल्या सगळ्या प्रवाळमाशांबद्दल त्यावरून काढलेले भाकीत मुळातच जास्त मोठे होते.

२०२२ साली जेफ क्लेमेंट्स यांच्या गटाने या विषयावरील ९१ अभ्यास एकत्र मांडले. सुरुवातीच्या वर्षांत दिसलेला सरासरी परिणाम दशकाच्या शेवटी दहापटींहूनही कमी झालेला आढळला. सर्वांत मोठे परिणाम सांगणारे अभ्यास प्रामुख्याने ३० पेक्षा कमी मासे वापरणारे होते. हे गणित समजून घेण्यासारखे आहे. नमुना लहान असला की मोजलेला परिणाम योगायोगाने खूप वर किंवा खूप खाली जातो. वर गेलेला निबंध मोठ्या नियतकालिकात छापून येतो, खाली गेलेला कपाटात राहतो, आणि पुढचा विद्यार्थी छापलेल्या आकड्यावरून आपल्या प्रयोगाला किती प्राणी लागतील याचा हिशेब करतो. त्यामुळे त्याचाही नमुना लहानच राहतो. आपण सहा बरण्यांचा आकडा त्या शोधनिबंधातूनच घेतला, असे आपण लिहिले आहे. ही साखळी नेमकी तेथूनच पुढे सरकते.

यावरून सारा विषय पोकळ ठरतो का? नाही, आणि हे मी ठामपणे सांगतो. समुद्राचे आम्लीकरण हे माशांच्या वर्तनावरून सिद्ध झालेले नाही. हवाईजवळच्या अलोहा स्थानकावर १९८८ पासून त्याच पाण्याचे नमुने घेतले जात आहेत, तेथे पीएच दर दशकाला ०.०२ च्या आतबाहेर उतरत आला आहे. अटलांटिकमध्ये बर्म्युडाजवळ वेगळ्या लोकांनी घेतलेल्या नोंदींतही तोच उतार दिसतो. जैविक परिणामांतही कवच आणि प्रवाळ यांची बाजू माशांच्या वर्तनापेक्षा कितीतरी भक्कम आहे. ग्रेट बॅरियर रीफवरील वन ट्री बेटावर रेबेका ऑलब्राइट आणि केन काल्डेरा यांच्या गटाने आधी नैसर्गिक प्रवाळावरून वाहणाऱ्या पाण्याची अल्कलिनिटी वाढवून ते औद्योगिक काळाच्या आधीच्या स्थितीजवळ नेले, तेव्हा चुना साचण्याचा वेग सुमारे ७ टक्क्यांनी वाढला. पुढे तेथेच पाण्यात कार्बन डायऑक्साइड मिसळून उलट दिशेने गेले, तेव्हा तो ३४ टक्क्यांनी घटला. हे निबंध २०१६ आणि २०१८ चे. एकाच जागी दोन्ही दिशांनी तपासून अपेक्षित दिशा मिळणे, हा माझ्या मते फेरप्रयोगाचा सर्वांत सुंदर प्रकार आहे. अमेरिकेच्या ओरेगन किनाऱ्यावर नेटार्ट्स उपसागरातील व्हिस्की क्रीक या कालव-बीज केंद्रात २००७ पासून अळ्या मोठ्या प्रमाणावर मरू लागल्या, तेव्हा वर येणाऱ्या थंड पाण्याची कमी संपृक्तता हे कारण सापडले. पाण्यात सोडियम कार्बोनेट मिसळायला लागल्यावर उत्पादन सावरले. त्या केंद्रातल्या लोकांनी शोधनिबंधासाठी हे केले नव्हते, त्यांना बीज विकायचे होते.

आता आपल्या हातातील आकड्यांचे काय करायचे ते सांगतो. ‘फरक आढळला नाही’ आणि ‘फरक नाही’ ही दोन वेगळी विधाने आहेत. आपल्या मांडणीतून दुसरे विधान निघत नाही. पी-मूल्य (खरा फरक नसतानाही असा निकाल योगायोगाने मिळण्याची शक्यता) देऊन थांबू नये. फरकाचा अंदाज आणि त्याची विश्वास-मर्यादा द्यावी, म्हणजे आपला प्रयोग किती मोठा परिणाम नाकारू शकतो हे वाचणाऱ्याला कळेल. पुढच्या फेऱ्यांत अळ्या मोजणाऱ्याला बरणी कोणत्या गटाची आहे हे कळू देऊ नये. बरण्यांवर फक्त क्रमांक लिहावेत आणि यादी दुसऱ्याने कुलपात ठेवावी. सूक्ष्मदर्शकाखालचे प्रत्येक क्षेत्र छायाचित्रात उतरवून जपावे, कारण ‘वेडेवाकडे कवच’ म्हणजे नेमके काय याबद्दल दोन माणसांत मतभेद होतातच. कोणत्या अळीला सदोष म्हणायचे, किती फेऱ्या करायच्या आणि कोणते विश्लेषण करायचे, हे पहिली अळी मोजण्याआधी लिहून त्यावर तारीख घालावी. प्रमाणित नमुने परदेशातून मागवणे महाग पडते, म्हणून एकच बाटली फोडून तिच्या आधाराने आपले स्वतःचे दुय्यम प्रमाण बनवावे : स्वच्छ समुद्रपाणी गाळून, विष घालून, एकाच दिवशी भरलेल्या वीस-पंचवीस बाटल्या पुरतात. शेवटी सारे आकडे आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या मोनाको येथील आम्लीकरण समन्वय केंद्राच्या विदासंग्रहासारख्या ठिकाणी खुले करावेत. तेथे जगभरच्या प्रयोगांचे कार्बोनेट रसायन एकाच साच्यात पुन्हा गणलेले असते, त्यामुळे आपले ७.७ आणि त्यांचे ७.७ प्रथमच एकमेकांशेजारी ठेवता येतील.

मार्गदर्शकांशी बोलण्यापूर्वी एक काम करावे. मूळ लेखाच्या पत्रव्यवहारासाठी दिलेल्या लेखकाला सरळ, नम्र पत्र लिहून तीन गोष्टी विचाराव्यात : पीएचची मापपट्टी, पाण्याची अल्कलिनिटी, आणि आम्लीकृत पाण्याच्या स्वतंत्र टाक्यांची संख्या. बहुतेक लोक उत्तर देतात, आणि अनेकदा लेखात न मावलेला तपशील त्यांच्या नोंदवहीत असतो. त्याच तीन गोष्टी आपल्या नोंदवहीतून मलाही कळवाव्यात, शिवाय पाणी भरल्याची तारीख आणि भरतीची वेळ. अल्कलिनिटी मोजलेली नसेल पण त्या दिवसाचे थोडे पाणी बंद बाटलीत राहिले असेल, तर ते उघडू नये. विष न घातलेल्या पाण्याचा पीएच आता कामाचा राहिलेला नाही, पण बूच घट्ट असेल तर अल्कलिनिटीचा बऱ्यापैकी अंदाज त्यातून अजूनही मिळू शकतो.